या रविवारी हेड खोलू नका

वाचकाचं पत्र:

माझ्या बाबांची १९७४ सालची अल्फा रोमिओ स्पायडर २००० नऊ वर्षं गॅरेजमध्ये उभी आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटी शेवटी पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना गाडीखाली जाता येत नव्हतं, पण विकायला ते कधी तयार झाले नाहीत. लहानपणी मी त्यांच्याबरोबर काम केलंय, म्हणजे टॉर्च धरणं आणि मागतील तो पाना देणं. स्वतःच्या हातानं प्लग बदलण्यापलीकडे काही केलेलं नाही. मागच्या आठवड्यात ऑइलचं झाकण काढलं तर आतून कॉफीत दूध घातल्यासारखा चिकट थर होता. भावाचा मित्र म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय, रविवारी येतो आणि हेड खोलून टाकू. भाऊ म्हणतो, इटालियन गाड्यांच्या वायरिंगच्या आणि गंजाच्या नादी लागू नकोस, आहे तशी विकून टाक. बाबांच्या टूलबॉक्समध्ये एक वही सापडली. तिच्यात शेवटची नोंद एवढीच आहे: ‘दुसरा गिअर. सकाळी घाई नको.’ मला ही गाडी चालवायची आहे. घरच्या घरी, शिकत शिकत हे जमेल का? की मी बाबांची गाडी बिघडवून ठेवीन?

उत्तर:

रविवार तोंडावर होता म्हणून दोन वाक्यं तुम्हाला आधीच कळवली होती: हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा ठोकळा, खोलू देऊ नका, आणि बॅटरी जोडून सेल मारू नका. आता कारणं सांगतो.

आधी तो दुधाळ थर. तो पाहून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. पण नुसता झाकणाखाली थर असणं हा हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट गेल्याचा पुरावा नाही. इंजिन थोडा वेळ चालवून, पुरतं तापायच्या आत बंद केलं की आतली वाफ थंड जागा शोधते, आणि वरचं झाकण ही तिची आवडती जागा. तिथे पाणी आणि ऑइल घुसळलं जाऊन असा थर बसतो. पाठ दुखत असताना तुमचे बाबा गाडी लांब नेत नसणार. गॅरेजमध्येच पाच-दहा मिनिटं चालू ठेवून बंद करत असतील, तर हा थर जमणारच होता.

खरं काय ते ऑइल काढताना कळेल. पाणी ऑइलपेक्षा जड असतं. गाडी नऊ वर्षं जागची हललेली नाही, म्हणजे संपमध्ये, इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, पाणी उतरलं असेल तर ते केव्हाच तळाशी जाऊन बसलंय. संपचा बोल्ट सावकाश सैल करा, पूर्ण काढू नका, आणि पहिल्यांदा जे झिरपेल ते काचेच्या स्वच्छ बरणीत धरा. आधी पाणी आलं आणि मग काळं ऑइल आलं, तर भावाच्या मित्राचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला हवं. पहिल्या थेंबापासून ऑइलच आलं, तर निम्मी काळजी तिथेच संपली. दुसरी खूण रेडिएटरमध्ये. या इंजिनात ब्लॉकमधून हेडकडे ऑइल जातं त्या वाटा गॅस्केटपाशी लहान रबरी रिंगांनी बंद केलेल्या असतात. तापून-थंड होऊन त्या रिंगा कडक झाल्या की दाबाखालचं ऑइल शेजारच्या पाण्याच्या वाटेत शिरतं. म्हणून रेडिएटरचं झाकण काढून बोट घाला. बोटाला तपकिरी लोण्यासारखं काही लागलं, तर हेड एक दिवस खोलावं लागेल. पाणी स्वच्छ, हिरवं किंवा नुसतं गढूळ असेल तर ते नंतर बघू.

हेड खोलण्याची मला एवढी धास्ती का, ते सांगतो. तुमच्या गाडीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आणि त्यात बिडाचे चार लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत वरखाली होतात त्या नळ्या, नुसते बसवलेले आहेत. त्यांच्या बाहेरून थेट पाणी खेळतं. खाली एक-एक रबरी रिंग पाणी अडवते, आणि वरून लायनरला दाबून धरायचं काम हेड करतं. हेड काढलं की लायनर मोकळे. त्या अवस्थेत कुणी क्रँक, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा खालचा दांडा, फिरवला तर वर येणारा पिस्टन लायनरलाही केसभर वर ओढतो. आवाज येत नाही, डोळ्याला काही दिसत नाही. अशाच एका इंजिनावर पिस्टनची डोकी साफ करताना मी हे केलं होतं. चारही पिस्टन वर आणून नीट घासावेत म्हणून पान्यानं क्रँक फिरवला, लायनर धरून ठेवणारे क्लॅम्प लावायचे राहिले. सगळं जोडलं, गॅस्केट नवं, नट क्रमानं आवळलेले. पहिल्या दिवशी डिपस्टिकवर पाणी. मग इंजिन बाहेर काढून तळापर्यंत उघडावं लागलं. हेडच्या कामासाठी घेतलेल्या दोन सुट्ट्या संपल्या आणि पुढची दीड वर्षं ती गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली.

हेड निघणंही सोपं नसतं. पोलादी स्टड आणि ॲल्युमिनियमचं हेड यांच्यामध्ये वर्षानुवर्षं गंज आणि क्षार साचतात, आणि हेड स्टडवर असं घट्ट बसतं की माणसं शेवटी स्क्रूड्रायव्हर घुसवून हातोडी मारतात. सपाट पृष्ठभागावर एक ओरखडा उठला की हेड मशीनिंगला गेलंच. शिवाय या इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यांत सोडियम भरलेलं असतं, उष्णता लवकर बाहेर जावी म्हणून. जुना व्हॉल्व्ह कुणी हौसेनं कापला आणि त्याला पाणी लागलं, तर सोडियम पेट घेतं. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात ते हेड देऊ नका, तो कितीही मनानं चांगला असला तरी.

आणि आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून वाटते. इटालियन गाड्या घरच्या गॅरेजमध्ये ज्या कारणानं संपतात ते वायरिंग नव्हे, आणि पुष्कळदा गंजही नव्हे. त्या उघडून ठेवल्यामुळे संपतात. एक काम करायला घेतात, त्यात दुसरं दिसतं, मग ‘आता उघडलंच आहे तर’ म्हणून तिसरं. सहा महिन्यांनी गाडी खोक्यांमध्ये असते आणि कुठला बोल्ट कुठला हे कुणाला आठवत नाही. तुम्ही स्वतःला एकच नियम घाला: एक काम उघडायचं, ते बंद करायचं, वहीत लिहायचं, मग दुसरं. बाबांची वही तुमच्याजवळ आहे, पुढची पानं तुमची.

आता गाडीखाली जाण्याआधी गंज बघा. तुमच्या भावाचं म्हणणं इथे खोटं नाही. स्पायडरला पक्कं छप्पर नाही, घडी होणारा टप आहे, त्यामुळे साध्या गाडीत छप्पर जो भार उचलतं तो हिच्यात दरवाज्याखालचे सिल उचलतात. ते आतून एकापेक्षा जास्त पत्र्यांचे आहेत. बाहेरचा पत्रा रंगानं चकचकीत आणि आतला भुगा, असं सर्रास असतं. सुरुवात कार्पेट उचलून करा. पायाखालची जागा आणि सीटच्या मागची जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बसका. मग दरवाजा बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून बघा. गाडी जॅकवर थोडीशीच उचला आणि तीच फट पुन्हा बघा. फट वरच्या बाजूला आवळली, किंवा दरवाजा उघडताना अडखळू लागला, तर गाडी मधून वाकते आहे. ताबडतोब खाली घ्या. सिलचं वेल्डिंग घरी करायचं काम नाही. दरवाज्याच्या चौकटीत आडव्या पट्ट्या टाकून, बॉडी सरळ धरून ते करावं लागतं, नाहीतर गाडी कायमची वाकडी जोडली जाते. बाकी सगळं शिकता येईल, हे एक जाणत्या माणसाकडे द्या.

गंजाचं मूळ मात्र तुम्ही स्वतः आजच बंद करू शकता. टपाची घडी मागे ज्या खोबणीत बसते तिथून पाणी बाहेर जायला निचऱ्याच्या वाटा आहेत, आणि विंडस्क्रीनच्या पुढे जाळीखालीही आहेत. पानं आणि धूळ साचून त्या तुंबतात आणि पाणी सिलमध्ये उतरतं. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल आत सारून वाट मोकळी करा, मग कपभर पाणी ओता आणि खाली कुठून पडतं ते बघा.

गाडी उचलणं याबद्दल मी थोडा कडक बोलणार आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चार मजबूत स्टँड घ्या, कठीण सपाट जमिनीवर ठेवा, चांगल्या पत्र्याखाली आणि मजबूत जागी लावा, आणि आत शिरण्यापूर्वी गाडीला खांद्यानं जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा लावा. घरी कुणीच नसताना गाडीखाली जाऊ नका.

मग ब्रेक. इंजिनाच्या आधी ब्रेक, कारण जी गाडी चालते पण थांबत नाही ती उभी असलेलीच बरी. स्पायडरला चारही चाकांना डिस्क आहेत, त्या काळच्या मानानं फार चांगल्या. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि नऊ वर्षांत त्या ओलीनं कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या, पिस्टनला आतून गंज चढला असणार. मास्टर सिलिंडरजवळच्या टाकीत बघा. ऑइल गडद चहासारखं दिसत असेल तर ते सगळं काढायचं आहे. सगळे रबरी होज डोळे झाकून बदला. बाहेरून धड दिसणारा जुना होज आतून सुजतो, ऑइल जोरानं जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. मग ब्रेक सोडला तरी चाक धरूनच राहतं आणि माणूस विनाकारण कॅलिपर खोलत बसतो. नवीन ऑइल डॉट ४ घ्या. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उतरवतं. हवा काढण्याचं काम दोघांचं आहे: एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा कॅलिपरवरचं हवा सोडायचं निपल सैल करून पुन्हा आवळतो, मग पहिला पेडल सोडतो. या कामाला भावाला बसवा. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ एवढंच त्याला ऐकायचं आहे. विकून टाक म्हणणारी माणसं अशा अर्ध्या तासात बदललेली मी पाहिली आहेत. नऊ वर्षं हँडब्रेक ओढलेला राहिला असेल तर मागच्या डिस्कच्या आत असलेले हँडब्रेकचे शू चिकटलेले असतील. गाडी जबरदस्तीनं ढकलू नका, चाक काढून हलक्या हातानं ठोकून सोडवा.

टायरवर कितीही नक्षी शिल्लक असली तरी त्याचं वय बघा. बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालच्या आधीचा आहे. नऊ वर्षं एकाच जागी उभे असलेले टायर रस्त्यावर नेऊ नका.

पेट्रोल. टाकीचं झाकण काढून वास घ्या. वॉर्निशसारखा उग्र वास आला तर सगळं पेट्रोल काढून टाका, नवीन त्यात मिसळून ‘पातळ’ करू नका. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये बऱ्याच ठिकाणी इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून त्याला टिकणारा पाइप मागून घ्या. हे काम करताना गॅरेजचं दार उघडं, बॅटरी सुटलेली, बल्बचा दिवा नको, एलईडीची टॉर्च चालेल, आणि आग विझवायचा सिलिंडर दाराजवळ ठेवा. गाडीच्या मागे ठेवलात तर वेळेला तिथपर्यंत पोचता येणार नाही. तुमच्या गाडीला बहुधा आडवे बसवलेले, दोन-दोन नळ्यांचे दोन कार्बोरेटर असतील. ते आणि हेड यांच्यामध्ये रबरी जोड असतात. टॉर्च लावून त्यांना भेगा आहेत का ते बघा, तिथून हवा ओढली गेली की इंजिन आयडलवर धड चालत नाही आणि लोक कार्बोरेटरच्या जेटच्या मागे लागतात. गाडी मूळची अमेरिकेसाठी बनली असेल तर कार्बोरेटरऐवजी स्पिका कंपनीचा यांत्रिक इंजेक्शन पंप दिसेल. तो बघून घाबरू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून काढून टाकू नका. नीट लावलेला पंप फार गोड चालतो.

आता इंजिन जागं करण्याचं काम, आणि हे मला सर्वात आवडणारं. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आत सोडा आणि दोन दिवस थांबा. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या नटावर लांब पाना लावा आणि इंजिन हातानं फिरवा, फक्त ते ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं. जोर लावायचा नाही, वजन टाकायचं. सुरुवातीला दगडासारखं वाटेल, मग एकदम हातभर सरकेल. अडलं तर पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस. दोन पूर्ण फेरे मोकळेपणी झाले की नवीन ऑइल आणि फिल्टर घाला. २०डब्ल्यू-५० जाडीचं, जुन्या इंजिनांसाठी झिंक असलेलं खनिज ऑइल व्हॉल्व्ह उघडणाऱ्या या कॅमना मानवतं. आता बॅटरी जोडा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि प्लग न लावताच सेल मारा, दहा सेकंद, मग विश्रांती, पुन्हा दहा. डॅशबोर्डवर ‘ओलिओ’ (इटालियनमध्ये ऑइल) लिहिलेल्या गेजकडे बघत राहा. तो काटा हलला की ऑइल सगळीकडे पोचलं. त्याच्या आधी इंजिन चालू केलं असतं तर वर्षानुवर्षं कोरडे पडलेले कॅम त्यांच्याखालच्या टॅपेटवर घासले असते. म्हणून सेल मारू नका म्हणालो.

तुमच्या गाडीत कॅम फिरवायला चेन आहे. चेन सैल झाली तर खळखळ ऐकू येते, हेडच्या पुढच्या बाजूच्या बोल्टनं ती ताणता येते. पण हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे फेरारी ३०८ किंवा फिअॅट १२४ स्पोर्ट स्पायडर असेल, तर त्यात दातेरी रबरी पट्टे आहेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते एकाच वळणावर ताठ होतात, आणि तुटले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तिथे नवीन पट्टा आणि नवीन टेन्शनर बसवल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. ३०८ मध्ये हे इंजिन जागेवर ठेवून होतं, फेरारीच्याच टेस्टारोसात इंजिन खाली उतरवावं लागतं. ‘इटालियन गाडीचं कुठलंही काम म्हणजे इंजिन काढणं’ ही समजूत अशाच मोजक्या गाड्यांवरून पसरली आहे. तुमच्या स्पायडरमध्ये बॉनेटखाली हात घालायला जागाच जागा आहे.

व्हॉल्व्हची फट, म्हणजे कॅम आणि टॅपेट यांच्यातली जागा, मात्र पहिल्या काही दिवसांत मोजाच. फीलर गेजनं आठही फटी मोजून वहीत लिहा. इंजिन पूर्ण थंड असताना मोजायचं, रात्रभर उभं राहिलेलं असावं. या इंजिनात शिम, म्हणजे ही फट ठरवणाऱ्या छोट्या चकत्या, बादलीसारख्या टॅपेटच्या खाली बसतात, म्हणजे बदलायचे तर कॅम काढावा लागतो. फिअॅट १२४ मध्ये ते वर बसतात, कॅम न काढता बदलता येतात. दोन्ही रचना चांगल्या आहेत, तुमची थोडी कष्टाची पण एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी. कार्बोरेटरला हात लावण्याआधी हा क्रम पाळा: व्हॉल्व्हची फट, मग पॉइंट (ठिणगीचा स्विच) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), मग कार्बोरेटर. उलट क्रमानं गेलात तर गाडी कधीच ‘लागणार’ नाही.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असण्याची शक्यता आहे. इंजिन तापल्यावर बहुतेकदा सुटते. गिअरबॉक्समागे प्रोपेलर शाफ्टला मेदूवड्यासारखी जाड रबरी कडी आहे, तिला भेगा असतील तर बदला. नवीन कडी पोलादी पट्ट्यानं आवळलेली येते. सगळे बोल्ट बसवून आवळल्यानंतरच तो पट्टा कापायचा, आधी कापला तर रबर फुलतं आणि भोकं जुळता जुळत नाहीत.

आणि बाबांनी लिहिलेला दुसरा गिअर. त्यांनी तुमच्यासाठी फार मोलाची गोष्ट लिहून ठेवली आहे. या गिअरबॉक्सच्या दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी कडी, थंडीत दमतो. गिअरबॉक्समधलं ऑइल गार आणि जाड असताना पहिल्यातून दुसऱ्यात झटक्यानं टाकला की करकर आवाज येतो, आणि प्रत्येक करकरीला सिंक्रो थोडा झिजतो. पहिले काही किलोमीटर न्यूट्रलपाशी एक क्षण थांबून मग दुसऱ्यात जा, किंवा डबल क्लच करा, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचंच घाला. जास्त ‘भारी’ म्हणून घेतलेलं निसरडं ऑइल सिंक्रोला पकडच मिळू देत नाही.

वायरिंगबद्दल तुमच्या भावाला एवढं करून दाखवा. मागचा दिवा मंद लागतोय असं समजा. दिवा चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक दिव्याच्या अर्थच्या पत्रीला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला. आकडा शून्याच्या जवळ यायला हवा, ०.१ किंवा ०.२ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला, तर वायर चांगली, बल्ब चांगला, फक्त जिथे अर्थची वायर बॉडीला बोल्टनं जोडली आहे तिथे गंज आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बोल्ट काढा, पॉलिश पेपरनं पत्रा उजळ होईपर्यंत घासा, पुन्हा जोडा, वर ग्रीस लावा. इंडिकेटर लावला की शेजारचा दिवाही लुकलुकतो, हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा हलतो, ही सगळी अर्थिंगचीच लक्षणं. एकेक जागा साफ करत गाडीभर फिरलात तर ‘इटालियन इलेक्ट्रिक’ म्हणून जे बदनाम आहे त्यातलं बरंच काही निघून जाईल. मग फ्यूज: चिनीमातीच्या अंगावर धातूची पट्टी आणि दोन्ही टोकं निमुळती. प्रत्येक फ्यूज जागेवरच बोटांनी फिरवा, गंज घासला जातो आणि मेलेली उपकरणं जिवंत होतात. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. पांढरा वारंवार उडतो म्हणून लाल घालू नका, फ्यूजऐवजी वायर जळेल. पुढेमागे हेडलाइटला रिले बसवून घ्या, म्हणजे सगळा करंट नाजूक स्विचमधून जाणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वात खरा आहे: मी बिघडवून ठेवीन का? ॲल्युमिनियमच्या इंजिनावर नवशिक्याच्या हातून होणारं मोठं नुकसान म्हणजे आटे जाणं. बोल्ट तिरका लागतो, पाना जोरात फिरतो, आणि आटे निघून येतात. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे लावायचा, पाना नंतर. प्लगसाठी हातभर रबरी पाइप घ्या, प्लगच्या वरच्या टोकात घट्ट बसेल असा, आणि त्यानं प्लग फिरवत बसवा. प्लग तिरका गेला तर पाइप हातात घसरतो, आटे वाचतात. आणि एक टॉर्क रेंच घ्या. बाबांचा असेल तर तपासून घ्या. मॅन्युअलमधल्या आकड्याला क्लिक झाला की थांबायचं, ‘अजून थोडं’ नाही.

सुटे भाग मिळतील का, या चिंतेत राहू नका. हे ट्विन कॅम इंजिन १९५४ मध्ये ज्युलिएत्ता स्प्रिंटमध्ये १२९० सीसीचं म्हणून आलं आणि वाढत वाढत तुमच्या गाडीत १९६२ सीसीचं झालं. ज्युलिया, बर्लिना, जीटीव्ही, अल्फेट्टा अशा कितीतरी गाड्यांत हेच घराणं होतं, त्यामुळे गॅस्केट, लायनर, पंप, रबर सगळं आजही बनतं. मूळ स्पायडर १९६६ ची, तुमच्या गाडीची शेपटी मात्र नंतर कापून सरळ केलेली, म्हणून बॉडीचा भाग मागवताना वर्ष नक्की सांगा. कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल आणि सुट्या भागांचा चित्रांचा कॅटलॉग या दोन गोष्टी पाना घेण्याआधी घ्या. चॅसिस नंबर देऊन अल्फा रोमिओ कंपनीच्या जुन्या नोंदींवरून गाडीच्या जन्माचा दाखला मागवता येतो. त्यात मूळ रंगही कळतो. तुमची गाडी आता ज्या रंगाची आहे त्याच रंगाची ती निघाली होती का, हे बाबांनी कधी सांगितलं होतं का?

भावाच्या मित्राला रविवारी येऊ द्या, पण गंज बघायला आणि स्टँड लावायला. संपचा बोल्ट सैल करताना बरणी तुम्ही धरा. त्यात काय आलं, रेडिएटरमधल्या बोटाला काय लागलं आणि पुठ्ठ्याचा तुकडा दरवाज्याच्या फटीत कुठे अडला, या तीन गोष्टी मला लिहून पाठवा. हेडचं तेव्हा ठरवू.